आतड्याचा जोड कशावर धरतो?

पोटाचे मोठे ऑपरेशन ठरले की आपल्या घरांत दोन प्रश्नांची चर्चा सुरू होते. खर्च किती येईल, आणि माणूस कामावर केव्हा जाईल? हातावर पोट असलेल्या कुटुंबाने हे प्रश्न विचारणे रास्तच आहे. पण ज्या ऑपरेशनमध्ये आतड्याचा रोगट भाग कापून काढतात आणि उरलेली दोन टोके एकमेकांना जोडतात, तिथे तिसरा प्रश्नही विचारायला हवा. तो जोड धरणार कशावर?

आपला समज असा की, दोरा पक्का आणि हात कसबी असला की जोड पक्का. शिंप्याच्या शिवणीसारखे. आतड्याचे तसे नसते. दोरा किंवा पिना ही दोन टोके पहिले काही दिवस एकमेकांना धरून ठेवतात, एवढेच. पुढे धरते ते मांस. दोन्ही टोकांतून नवे मांस वाढते, ते एकमेकांत मिसळते आणि जोड भरून येतो. ज्यांनी गावी आंब्याचे कलम बांधताना पाहिले आहे त्यांना हे लगेच कळेल. सुतळी कितीही आवळून बांधा, फांदीत जीव नसेल तर कलम धरत नाही. आतड्यातला जीव म्हणजे त्याला मिळणारे रक्त. ते कमी पडले की जोड कुजतो, सुटतो आणि आतली घाण पोटात पसरते. डॉक्टर याला ‘लीक’ म्हणतात. आपण म्हणतो, टाका उसवला.

‘टाका उसवला’ या दोन शब्दांनी आमच्या चाळीतले एक घर मोडले. २००९ सालची गोष्ट आहे. शेजारच्या मावशींच्या मोठ्या आतड्यातली गाठ काढली. पाच दिवस बरे गेले. सहाव्या दिवशी ताप चढला, पोट फुगले, धाप लागली. दुसऱ्यांदा ऑपरेशन झाले, पण एकोणिसाव्या दिवशी मावशी गेल्या. इस्पितळातून घरच्यांना एवढेच कळले की, टाका उसवला. तो का उसवला, हे त्यांना कोणी समजावून सांगितले नाही. मग कारण घरातच शोधले गेले. चौथ्या दिवशी सुनेने मावशींना पेज भरवली होती, म्हणून टाका उसवला, असे ठरले. नर्सबाईंनी सांगितले म्हणूनच तिने पेज दिली होती. पण तिचे कोण ऐकणार? ती घरात बोलेनाशी झाली. पुढे नवरा-बायको वेगळे राहू लागले.

मी एका पतसंस्थेत लिपिक आहे. सुट्टीच्या दिवशी आणि रजा काढून वस्तीतल्या रुग्णांसोबत इस्पितळात जाणे, केसपेपर काढणे, डॉक्टर काय म्हणाले ते घरच्यांना समजावून सांगणे, हे काम मी बरीच वर्षे करते. या कामात अशा सुना मी आणखीही पाहिल्या आहेत. म्हणून आतड्याच्या जोडाविषयी जे शिकले ते लिहून काढावे, असे वाटले.

शिकण्याची वेळ माझ्या घरातच आली. २०२३ साली माझ्या थोरल्या भावाला, दादाला, गुदाशयाचा कॅन्सर निघाला. दादाने आयुष्यभर टेम्पो चालवला. आधी किरणोपचार झाले, मग ऑपरेशन ठरले. ऑपरेशन करणाऱ्या मॅडम वयाने माझ्यापेक्षा लहान, पण समजावून सांगायला तयार. वहिनीने आणि मी विचारले तेव्हा त्यांनी एका जुन्या फॉर्मच्या पाठीवर चित्रच काढले.

मोठ्या आतड्याला दोन मुख्य रक्तवाहिन्यांकडून रक्त मिळते. वरची एक आणि खालची एक. दोन्हींच्या फांद्या आतड्याच्या कडेने एकमेकींना मिळतात. गुदाशयाची गाठ काढताना खालची मुख्य वाहिनी बहुधा बांधून बंद करावी लागते. मग वरचे आतडे सैल करून खाली ओढून आणतात आणि खालच्या टोकाला जोडतात. आता या ओढून आणलेल्या टोकाला रक्त कुठून यायचे? वरच्या वाहिनीकडून, कडेकडेच्या बारीक वाटेने, लांबून.

मला ते ताबडतोब पटले, कारण मी शेवटच्या गल्लीत राहते. मुख्य रस्त्यावरच्या पहिल्या गल्लीत नळाला धो धो पाणी येते, आमच्याकडे करंगळीएवढी धार. दोन लाइनींपैकी एक बंद पडली की ती धारसुद्धा थेंबावर येते. आतड्याचे ते टोक म्हणजे शेवटच्या गल्लीतला नळ. काहींच्या शरीरात कडेची वाट रुंद असते, काहींच्या अरुंद. वय, मधुमेह, तंबाखू-विडी यांनी ती आणखी अरुंद होते. बाहेरून पाहून ते कळत नाही.

“मग तुम्हाला कसे कळते?” मी विचारले.

मॅडम म्हणाल्या, “ताई, पिढ्यान्‌पिढ्या सर्जन डोळ्यांनी पाहत आले. आतडे गुलाबी आहे का, कापलेल्या कडेतून ताजे लाल रक्त येते का, आतड्याच्या पडद्यातली नाडी बोटाला लागते का, आतडे हलते का. आम्हीही हे सगळे पाहतोच. पण डोळ्याला बरे दिसले म्हणजे बरे असतेच, असे नाही.”

हे त्या नम्रपणे बोलल्या, पण ते नुसते नम्रतेचे बोलणे नव्हते. नेदरलँड्समध्ये ऑपरेशन संपताच सर्जनांना विचारून ठेवले होते की, या रुग्णाचा जोड गळेल असे वाटते का? पुढे प्रत्यक्षात काय झाले त्याच्याशी ताडून पाहिले, तर अंदाज फारसे भरवशाचे निघाले नाहीत. हा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. हाताने काम करणारी माणसे स्वतःच्याच अंदाजाची अशी तपासणी करून निकाल छापतात, याचे मला कौतुक वाटले.

डोळ्याला मदत म्हणून जे साधन आले, त्यालाच आता आपल्याकडे लोक ‘हिरवी लाइट’ म्हणू लागले आहेत. त्याचे काम असे चालते.

इंडोसायनिन ग्रीन नावाचा एक रंग आहे. गडद हिरवी पूड छोट्या कुपीत येते. ती इंजेक्शनच्या पाण्यात विरघळवतात आणि रुग्ण भुलेखाली असताना काही मिलिग्रॅम शिरेतून देतात. रक्तातल्या प्रथिनांना हा रंग चिकटतो, त्यामुळे रक्त जाईल तिथे तो जातो. मग आतड्यावर खास कॅमेऱ्यातून अवरक्त प्रकाश सोडतात. तो आपल्या डोळ्यांना दिसत नाही. त्या प्रकाशात रंग चमकतो, पण ती चमकही डोळ्यांना दिसत नाही. कॅमेरा ती टिपतो आणि पडद्यावर बहुधा हिरव्या रंगात दाखवतो. साधारण मिनिटाभरात, रक्त पोहोचते तो भाग पडद्यावर उजळतो आणि पोहोचत नाही तो काळा राहतो. सर्जन त्या सीमेच्या आत, उजळ भागात आतडे कापतात आणि तिथे जोड देतात. यकृत हा रंग रक्तातून उचलून पित्तावाटे बाहेर टाकते. तीन-चार मिनिटांत रक्तातला त्याचा अंश निम्म्यावर येतो, म्हणून जोड दिल्यावर पुन्हा थोडा रंग देऊन तपासणी करता येते. या औषधात थोडे आयोडीन असते. ज्यांना आयोडीनची अॅलर्जी आहे त्यांनी डॉक्टरांना आधीच सांगितले पाहिजे.

रंग नवा नाही. फोटोच्या फिल्म बनवणाऱ्या कोडॅक कंपनीच्या प्रयोगशाळेत तो १९५५ साली तयार झाला आणि १९५९ साली अमेरिकेत औषध म्हणून त्याला मान्यता मिळाली. हृदय किती रक्त फेकते, यकृत कसे काम करते हे मोजायला तो वापरत. पुढे डोळ्याच्या पडद्यामागच्या रक्तवाहिन्या पाहायला वापरू लागले. आतड्याच्या ऑपरेशनमध्ये त्याचा प्रसार झाला तो गेल्या पंधरा-वीस वर्षांत, दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेला जोडता येतील असे कॅमेरे आल्यावर. केवळ कॅन्सरसाठीच नव्हे, तर हर्नियात अडकून काळे पडलेले आतडे सोडवल्यावर ते जगेल की कापावे लागेल, हे ठरवतानाही तो वापरतात. पूर्वी अशा वेळी सर्जन आतडे कोमट सलाइनच्या फडक्यांत गुंडाळून रंग परततो का, याची वाट पाहत. ते आजही करतात. शंका राहिली तर एक-दोन दिवसांनी पोट पुन्हा उघडून पाहतात.

दादाच्या ऑपरेशनच्या दिवशी आम्ही सकाळपासून जिन्यात बसून होतो. दुपार टळल्यावर मॅडम बाहेर आल्या. म्हणाल्या, “जिथे कापायचे ठरवले होते, तिथे डोळ्यांना आतडे गुलाबीच दिसत होते. पण रंग त्याच्या दोन-तीन सेंटिमीटर वरच थांबला. म्हणून तेवढा तुकडा आणखी काढला आणि वर चांगल्या भागात जोड दिला.” वहिनीने हात जोडले. मग मॅडम म्हणाल्या, “पण पिशवी ठेवली आहे.”

म्हणजे लहान आतड्याचे तोंड काही महिन्यांसाठी पोटावर काढून त्याला पिशवी लावली होती, मळ जोडापर्यंत जाऊच नये म्हणून. वहिनीचा चेहरा पडला. तिने विचारले, “मॅडम, लाइट चांगली दिसली ना? मग पिशवी कशाला?”

त्यावर मॅडमनी जे सांगितले ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. त्या म्हणाल्या, “लाइटने एवढेच सांगितले की, आत्ता या घटकेला इथे रक्त पोहोचते आहे. जोड फार खाली आहे, किरणोपचार झालेले आहेत, जोडावर ताण येऊ शकतो, जंतुसंसर्ग होऊ शकतो, उद्या रक्तदाब खाली जाऊ शकतो. त्यातले काही लाइटला दिसत नाही.”

दादाने चार महिने पिशवी बाळगली. सुरुवातीला तो लग्नकार्याला जाईना, वास येईल म्हणून नातवंडाला जवळ घेईना. वहिनी पिशवी बदलायला शिकली, मग दादाही शिकला. जोड नीट भरला आहे असे तपासून पिशवी बंद केली. आज दादा घरी आहे, जड काम करत नाही, पण जेवतो, हिंडतो. हिरव्या लाइटने त्याला वाचवले का? वहिनी म्हणते, वाचवले. मला ठामपणे तसे म्हणता येत नाही. तो तुकडा काढला नसता तर काय झाले असते, हे कोणाला कळणार?

एका माणसावरून हिशेब लागत नाही. मी वाणिज्य शाखेची पदवीधर. माझी सवय दोन्ही बाजू मांडून बाकी काढण्याची. त्यासाठी मोठ्या चाचण्या पाहाव्या लागतात, ज्यांत चिठ्ठी टाकल्यासारखी निवड करून निम्म्या रुग्णांना लाइट वापरतात आणि निम्म्यांना नाही. जपानमध्ये गुदाशयाच्या कॅन्सरच्या ८५० रुग्णांची अशी चाचणी झाली, ती २०२३ साली प्रसिद्ध झाली. लाइट वापरलेल्यांत शंभरात ७.६ जणांचा जोड गळला, न वापरलेल्यांत ११.८ जणांचा. फरक ४.२ चा. म्हणजे सुमारे चोवीस जणांना लाइट वापरावी, तेव्हा एकाचे लीक टळते. कमी नाही. ज्याच्या घरातला तो एक असेल त्याला विचारा.

आता दुसरी बाजू. अमेरिकेतील ३४७ रुग्णांची चाचणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. ठरवलेल्या संख्येपर्यंत न पोहोचता ती आधीच थांबवावी लागली होती. तीत लीकचे प्रमाण ९ आणि ९.६ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच. नेदरलँड्सच्या ९३१ रुग्णांच्या चाचणीत, २०२४ साली, ७ आणि ९ टक्के. लाइटच्या बाजूने थोडे झुकते माप दिसते, पण एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो, असे त्या संशोधकांचेच म्हणणे पडले. बाकी काय निघाली? लाइटचा उपयोग होतो असे दिसते, जोड फार खाली असेल तेव्हा जास्त. पण लाइट वापरूनही शंभरात सात-आठ जणांचे जोड गळलेच आहेत.

पडदा पाहणाराही जाणता लागतो. कॅमेरा जवळ नेला की भाग जास्त उजळ दिसतो, दूर नेला की मंद. फार वेळ थांबले तर रंग शेजारून झिरपून रक्त नसलेल्या भागातही पसरतो आणि फसवतो. किती उजेड म्हणजे पुरेसा, याचे सर्वमान्य माप अजून ठरलेले नाही. संगणकाने ते मोजण्याचे प्रयत्न चालू आहेत. तोवर शेवटचा निर्णय माणसाच्या डोक्यातच होतो.

हे एवढ्या तपशिलाने लिहिण्याचे कारण आमच्या पतसंस्थेतल्या टेबलावर आहे. कर्जाच्या अर्जात ‘कारण’ असा रकाना असतो. मध्यंतरी एक गृहस्थ अर्ज घेऊन आले. बायकोचे ऑपरेशन एका सार्वजनिक इस्पितळात ठरले होते, तारीखही मिळाली होती. कोणीतरी सांगितले, तिथे हिरवी लाइट नाही, खासगीत आहे. गृहस्थांनी बायकोची पोत गहाण ठेवायची आणि वर आमचे कर्ज काढायचे ठरवले होते. मी त्यांना खुर्ची दिली आणि वरचे आकडे कागदावर मांडून दाखवले. म्हटले, भाऊ, आधी तुमच्या डॉक्टरांनाच विचारा की जोड कुठे येणार, आणि रक्तपुरवठा तुम्ही कसा तपासता. ते विचारून आले. जोड वरच्या भागात होता, जिथे रक्ताची अडचण कमी असते. ऑपरेशन ठरल्या जागीच झाले. अर्ज त्यांनी परत नेला.

ज्या इस्पितळात हे यंत्र आहे तिथे ते वापरावे. सार्वजनिक इस्पितळांत ते अधिकाधिक यावे, अशी मागणी आपण जरूर करावी. पण यंत्र नाही म्हणजे उपचार खोटा, असे समजून घर गहाण टाकू नये. अशी ऑपरेशने नेहमी करणारा हात, वेळेवर मिळालेली तारीख आणि ऑपरेशननंतर रात्री-बेरात्री लक्ष ठेवणारा वॉर्ड, या गोष्टींचे मोल त्या उजेडापेक्षा कमी नाही. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपले ऑपरेशन बसते का, हे योजनेतील इस्पितळाच्या आरोग्यमित्राकडे आधी विचारून घ्यावे.

रक्तपुरवठ्यासाठी काही गोष्टी आपल्याही हातात असतात, आणि त्यांना पैसे लागत नाहीत. विडी, सिगारेट, तंबाखू, मिश्री ऑपरेशन ठरताच बंद करावी. जितके आठवडे आधी तितके चांगले. अंगात रक्त कमी असेल, साखर वाढलेली असेल तर ती आधी ताळ्यावर आणून घ्यावी. पोटात अन्न जाते आहे तोवर डाळ, अंडी, मासे डॉक्टरांच्या सल्ल्याने खाऊन अंगात ताकद धरावी.

ऑपरेशनपूर्वी चार प्रश्न लिहून न्यावेत. जोड कुठे येणार? रक्तपुरवठा कसा तपासणार? पिशवी लागेल का, आणि लागली तर किती दिवस? जोड गळला तर ते लवकर कसे ओळखणार? डॉक्टर घाईत असतील तर नर्सबाईंना विचारावे, दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारावे. विचारण्यात उर्मटपणा नाही.

ऑपरेशननंतरही ताप, वाढत जाणारी पोटदुखी, फुगलेले पोट, जोराने चालणारी नाडी, धाप यांपैकी काही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. तेव्हाच सांगावे. घरी सोडल्यानंतर असे झाले तरी त्याच इस्पितळात परत जावे. लीक लवकर सापडले तर बरेच रुग्ण वाचतात.

आणि शेवटी, त्या सुनेविषयी. आज नियोजित ऑपरेशननंतर अनेक ठिकाणी पहिल्या-दुसऱ्या दिवसापासून डॉक्टरच पातळ आहार सुरू करायला सांगतात, कारण त्याने रुग्ण लवकर सावरतो. डॉक्टर-नर्सच्या सांगण्यावरून दिलेल्या चमचाभर पेजेने जोड सुटत नाही. तो रक्त कमी पडल्याने, ताण आल्याने, जंतुसंसर्गाने सुटतो. कित्येकदा सर्व काही नीट करूनही सुटतो. दादाच्या आजारपणानंतर मी त्या मुलीला शोधून काढले आणि मॅडमनी काढलेले ते चित्र तिच्यापुढे ठेवून हे सर्व समजावले. नंतर तिच्या नवऱ्यालाही बोलावून समजावले. तो बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला. मग त्याने त्याची झेरॉक्स मागितली, भावांना दाखवायला.